न पाहिलेलं घर

“मिहीरकाका, बाबांचे डोळे आलेत,” राही फोनवर म्हणाली.

सकाळचे साडेआठ. माझ्या तोंडात ब्रश. तिचे बाबा म्हणजे शंतनू आलासे, माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि त्याला जाऊन तीन वर्षं झालेली. मी चूळ भरली आणि म्हटलं, “अगं, नीट सांग काय ते.”

“कोचीच्या डावाची नजरेची नोंद हो. वीस वर्षं झाली की घरच्यांना मिळते. काल पेटी आली. अकराला क्लबात येऊ?”

नको म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. “ये,” म्हणालो, आणि माझ्या दिवसाचं वाटोळं झालं.

आमचा क्लब मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर आहे. खाली दिवसभर तारा पिळण्याचं काम चालतं आणि वर आम्ही गप्प बसून डोकी पिळतो. पट्टणशेट्टी सरांनी तो काढला. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला बुद्धिबळ. मी आणि शंतनू, दोघं सातव्या वर्षी त्यांच्यासमोर बसलो आणि दोघंही ग्रँडमास्टर झालो. आता खाली दारावर पाटी आहे: ‘आव्हानवीर मिहीर इंगवले बुद्धिबळ प्रबोधिनी’. ती वाचून लोक पोरांना दुरून घेऊन येतात. मी चिडका मास्तर आहे, तरी येतात. पाटीची किमया, दुसरं काय.

ही पाटी कोचीच्या डावावर उभी आहे, म्हणून तो डाव आधी सांगून टाकतो. २०३४ साल, स्पर्धेची शेवटची फेरी. जगज्जेत्याला आव्हान कुणी द्यायचं हे ज्या आठ जणांच्या स्पर्धेत ठरतं, त्या आठ आव्हानवीरांत एक जागा उरली होती, आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. मी अर्ध्या गुणानं पुढे. मला बरोबरी पुरत होती, शंतनूला जिंकायलाच हवं होतं. पांढरी मोहरी त्याची. अडतिसाव्या खेळीला डाव त्याच्या हातात आला. एच-सातवर, म्हणजे माझ्या राजाच्या शेजारी पटाच्या कडेला, माझं एक प्यादं होतं. ते हत्तीनं खायचं. राजाला तो हत्ती खावाच लागतो, मग वजिराचा शह, आणि चौथ्या खेळीला मात. बाहेर पडद्यावर बघणाऱ्यांना संगणक ती खेळी बाण काढून दाखवत होता. शंतनू बावीस मिनिटं विचार करत बसला. मग त्यानं वजीर एक घर मागे घेतला आणि म्हणाला, “बरोबरी?”

मी हात पुढे केला. त्यानंच दोन्ही राजे उचलून पटाच्या मधोमध ठेवले. निकाल कळावा म्हणून आमच्यात तशी पद्धत आहे. पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर दोन्ही काळ्या घरांत, आणि बरोबरी झाली तर एक पांढऱ्यात, एक काळ्यात. तो पट मी नंतर आयोजकांकडून मागून घेतला. क्लबात काचेच्या कपाटात आहे, राजे तसेच उभे.

डाव संपला की दोघांनी बसून तो पुन्हा मांडायचा, कोण कुठे चुकलं ते बघायचं, ही आमची सरांनी लावलेली सवय. भांडण झालं तरी ती मोडली नव्हती. त्या दिवशी शंतनू म्हणाला, “आज नको रे,” आणि उठून गेला. मग तो डाव आम्ही कधीच मांडला नाही.

मी बाहेर आलो. समोर माईक. कुणीतरी विचारलं, सुटलात कसे? मी हसत हसत म्हणालो, “मला एच-सात दिसत होतं, त्याला दिसलं नाही. एवढाच फरक.” हे माझं वाक्य. ते जगभर गेलं, बोलणाऱ्याचं नाव वाटेतच गळलं. शंतनूचं नाव ‘एच-सात’ पडलं ते पडलंच. दोन वर्षांत त्यानं खेळ सोडला, कुरुंदवाडला शाळेत गणित शिकवायला लागला. तिथेही पोरं वर्गात यायच्या आधी फळ्यावर एच-सात लिहून ठेवायची म्हणे. मी त्याला कधी सॉरी म्हटलं नाही. आज म्हणू, दिवाळीत म्हणू, असं करता करता त्याच्या दहाव्यालाच गेलो.

राही अकराला आली. ती मिरजेतच एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. चालणं बापासारखं, बोलणं आईसारखं सरळ. तिनं पेटी टेबलावर ठेवली.

त्या काळात चोरट्या मदतीची इतकी भीती होती, की मोठ्या स्पर्धेत प्रत्येकाला बिननंबरचा चष्मा आणि मनगटाला पट्टी घालून बसावं लागायचं. चष्म्यात दोन बारीक कॅमेरे डोळ्यांवर रोखलेले, एक समोर बघणारा आणि आवाज टिपणारा माईक. पट्टी नाडी मोजायची. आम्ही शिव्या देत घालायचो आणि विसरून जायचो. पण नोंदी राहिल्या. राहीनं मला समजावलं, की माणसाची नजर एखाद्या ठिकाणावरून दुसरीकडे सरकत जात नाही, ती उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. दोन उड्यांच्या मध्ये ती क्षणभर जिथे टेकते, तेवढंच माणसाला नीट दिसतं. बुद्धिबळ खेळणारा मनात खेळ्या रचतो तेव्हा त्याची नजर त्याच क्रमानं घरांवर टेकत जाते. हत्ती इथे आला, राजा तिकडे पळाला, वजीर वर गेला. आता बुद्धिबळ संघटनेनं लाखो डावांच्या नोंदी शिकवून एक यंत्र बनवलंय. ते हा क्रम उलटा वाचतं आणि कुठल्या मिनिटाला माणसाच्या डोक्यात कोणती खेळी होती ते सांगतं. त्याचं नाव मागोवा.

मागोवा आल्यापासून आमच्या जगात बऱ्याच जणांची झोप उडाली होती. नियमच तसा झाला होता. जिंकायची खेळी दिसली असूनही कुणी मुद्दाम केली नसेल, तर तो डाव रद्द. दोघांचीही नावं काळ्या यादीत, माणूस मेलेला असला तरी. आणि त्या निकालाच्या जोरावर पुढे जे मिळालं ते परत घ्यायचं.

“मला एवढंच हवंय काका,” राही म्हणाली. “बाबांना दिसलं होतं की नव्हतं. दिसलं असेल तर तुमची खालची पाटी जाईल, ते मला कळतं. म्हणून तुम्हाला न विचारता नोंद संघटनेकडे पाठवणार नाही.”

“आणि नसेल दिसलं तर?”

“तर नसेल. आई शपथेवर सांगते की दिसलं होतं. बाबांना विचारलं की नुसते हसायचे. शाळेत मलासुद्धा एच-सात म्हणायचे हो. मी बुद्धिबळ खेळतही नव्हते.”

मी मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत बसलो. खरं सांगतो, मला त्या मुलीची दया आली नाही, मला माझीच भीती वाटली. त्याला दिसलं नसेल तर मी तो डाव तग धरून वाचवला, आणि पुढचं सगळं माझं. दिसलं असेल तर मी वीस वर्षं कुणाच्या तरी खांद्यावर बसून स्वतःला उंच समजत होतो. पण मी तोंडानं मोठा आहे. “पाठव,” म्हणालो. “शंत्याला दिसलं नव्हतं. मी समोर होतो.”

आठ दिवसांनी अहवाल आला. राहीनं तो उभ्यानंच वाचून दाखवला. बावीस मिनिटांत एच-सात या घरावर नजर टेकल्याची नोंद शून्य. त्या घरातून जाणारी कोणतीही चाल विचारात घेतल्याचा पुरावा नाही. अकरा मिनिटं लक्ष विचलित, नजर पटाबाहेर. नवव्या मिनिटाला नाडी अचानक वाढलेली, कारण अज्ञात. निष्कर्ष: खेळी दिसली नाही. बरोबरी निर्दोष. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

मला इतकं हलकं वाटलं, की मी चहा मागवायला खाली हाक मारणार होतो. मग राहीकडे लक्ष गेलं. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी लहान केली.

“म्हणजे लोक बरोबर बोलत होते,” ती म्हणाली. “आईला काय सांगू?”

मी काहीतरी पुटपुटलो. मोठमोठ्यांना दिसत नाही, होतं असं, वगैरे. तिनं पेटीतून एक जाड चष्मा काढला. “एकदा बघता का? बाबांनी काय पाहिलं ते यात जसंच्या तसं दिसतं. मी दोनदा पाहिलं, पण मला पटातलं काही कळत नाही.”

मी चष्मा लावला आणि शंतनूच्या जागी जाऊन बसलो.

समोर कोचीचा पट होता, पण उलट बाजूनं. पांढरी मोहरी माझ्याकडे. पटाच्या कडेवर त्याचे हात दिसत होते, उजव्या अंगठ्याचं नख चावलेलं. तो अंगठा मी विसरलो होतो. कानात त्याचा श्वास येत होता, सर्दी झाल्यासारखा. मेलेल्या माणसाच्या श्वासाच्या तालावर आपलाही श्वास चालायला लागतो, हे मला तेव्हा कळलं.

नजर जिथे टेकेल तिथे उजेडाचा एक ठिपका उमटत होता आणि ते घर जरासं तांबूस होत होतं. ठिपका भराभर उड्या मारत होता. वजीर, उंट, माझा राजा, त्याचा हत्ती, डावीकडची प्यादी, पुन्हा राजा. सात-आठ मिनिटांत अख्खा पट तांबूस झाला. एकच घर पांढरं स्वच्छ राहिलं. राजाच्या शेजारचं, कडेचं.

“यंत्र तेच म्हणतं,” मागून राही म्हणाली. “एकदाही बघितलं नाही.”

मला पट्टणशेट्टी सर आठवले. सर आमच्यासमोर बसायचे, पण पटाकडे बघायचेच नाहीत. फक्त आमच्या डोळ्यांकडे. “इंगवले, तुझा घोडा जी-सहाला निघालाय ना?” म्हणायचे, आणि तो निघालेलाच असायचा. मग त्यांनी आम्हा दोघांनाच एक व्यायाम लावला. मात शोधायची, पण ती ज्या घरावरून सुरू होते त्या घराकडे बघायचं नाही. बाकी सगळा पट बघायचा, ते घर कडेच्या नजरेनं धरून ठेवायचं. डोळा तिकडे गेला की सर पट्टी टेबलावर आपटायचे. असा व्यायाम जगात दुसरीकडे कुठे करून घेत असतील असं मला वाटत नाही. यंत्राला लाखो डाव शिकवले असतील, पण सतारीच्या दुकानावरची ही माडी कुणी शिकवली असणार? मला तो व्यायाम कधी नीट जमला नाही. शंत्याला पहिल्या महिन्यात जमला.

अख्खा पट पालथा घालणाऱ्या माणसाची नजर, समोरच्या राजाला चिकटून असलेल्या घरावर चुकूनही पडत नाही, असं होत नसतं. ज्याला दिसत नाही तो सगळीकडे बघतो. त्या घराला वळसा घालून फिरायचं तर ते कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

मी चष्मा काढायला हात वर नेला. तेवढ्यात नजर पटावरून उठली आणि माझ्यावर आली.

अठ्ठावीस वर्षांचा मी. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. डाव्या हातानं टेबलाची कड अशी धरलेली, की बोटं पांढरी पडली होती. आणि माझे डोळे. ते एच-सातवर जात होते, पळून परत येत होते, पुन्हा एच-सातवर जात होते. सरांनी इतकी वर्षं शिकवलेलं सगळं मी भीतीपोटी घालवलं होतं. त्याला आधी दिसलं नसतं, तरी मी त्याला ते डोळ्यांनी ओरडून सांगत होतो. कोपऱ्यात नाडीचा आकडा होता. सत्तरवरून एकशे तीसवर गेला. हे नववं मिनिट.

पुढची अकरा मिनिटं शंतनू माझ्याकडे बघत होता. यंत्रानं त्याला लक्ष विचलित म्हटलं होतं.

त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या गच्चीवर आम्ही नाश्ता केला होता. चौदावा मजला. त्या वर्षी मी बरा नव्हतो. झोप नाही, जेवण नाही, घरी कुणाला सांगितलं नाही. मी कठड्याला टेकून खाली बघत म्हणालो होतो, “आज हरलो तर खाली जायला मला लिफ्ट लागायची नाही.” आणि हसलो होतो. शंतनू हसला नाही. “इडली गार होतेय, ये इकडे,” एवढंच म्हणाला. नंतर तो त्या कठड्याच्या आणि माझ्या मध्ये खुर्ची ओढून बसला. हे मी विसरलो होतो असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलोय.

चष्म्यात त्याची नजर माझ्या डाव्या हातावर उतरली, बराच वेळ थांबली. नाडी हळूहळू खाली आली. चौसष्ट. मग त्याच्या हातानं वजीर एक घर मागे घेतला. मला त्याचा आवाज आतून ऐकू आला. “बरोबरी?”

मी चष्मा काढला. माझे गाल ओले होते आणि राही बघत होती, त्यामुळे खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. तरी मनात आलंच. अहवाल माझ्या बाजूनं होता. ही माडी, सर आणि तो व्यायाम माहीत असलेला जिवंत माणूस मी एकटा होतो. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं, फक्त शंत्या कायमचा आंधळा ठरला असता.

“दिसलं होतं त्याला,” मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. सर, व्यायाम, डाव पुन्हा मांडायची रीत, माझे डोळे, गच्ची. पत्रकारांपुढचं ते वाक्यही सांगितलं, कारण ते माझं होतं हे तिला माहीत नव्हतं.

खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत होतं.

“तुम्ही खरंच उडी मारली असती?”

“माहीत नाही ग. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.”

“आणि मग तुम्हीच त्यांचं नाव पाडलंत.”

“हो.”

“ते तुमच्याकडे बघत बसले, आणि तुम्ही बाहेर जाऊन…” तिनं पेटी उचलली, चष्मा तिथेच विसरली आणि जिना उतरून गेली. मी तिला थांबवलं नाही. थांबवून सांगणार काय होतो?

दुसऱ्या दिवशी मी संघटनेला हरकत पाठवली. दोन पानं लिहून फाडली आणि शेवटी चार ओळी लिहिल्या. माझीही नोंद उघडा, माझे डोळे कुठे होते ते बघा, शंतनू आलासे यांना ते दिसत होतं, डाव मी हरलेला होतो. पाठवण्याआधी राहीला वाचून दाखवायला फोन केला. बाबांचं नाव काळ्या यादीत येईल, चालेल का, असंही विचारलं.

“येऊ दे,” ती म्हणाली. “आंधळा म्हणण्यापेक्षा ते बरं.” आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, पत्र गेल्यावर काळीज तुटेल. तसं काही झालं नाही. पाटी काढायला मी बोलावलेला माणूस आला, तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. शंत्यानं मला पाटी दिलीच नव्हती. ती त्या डावाबरोबर चुकून माझ्याकडे आली होती. त्यानं दिलं होतं ते सकाळी उठून ब्रश करण्यापासूनचं बाकी सगळं, आणि ते कुठल्याही संघटनेला परत घेता येणार नव्हतं.

मग मी काचेचं कपाट उघडलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच. काळ्या घरातला राजा उचलला आणि शेजारच्या पांढऱ्या घरात ठेवला. दोन्ही राजे पांढऱ्यात. पांढरा जिंकला.

दहा-बारा दिवसांनी राही आली, दुपारी, क्लबात कुणी नसताना. विसरलेला चष्मा न्यायला आले म्हणाली, पण चष्म्याकडे तिनं पाहिलंही नाही. कपाटापुढे उभी राहिली.

“हे असं नव्हतं,” ती म्हणाली.

“मी बदललं. खरा निकाल हाच आहे.”

तिनं काच सरकवली आणि राजा परत काळ्या घरात नेऊन ठेवला. “बाबांनी असं ठेवलं होतं ना, स्वतःच्या हातानं? तो डाव त्यांना असाच सोडायचा होता. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

ती टेबलाकडे गेली, खुर्ची ओढून पांढऱ्या बाजूला बसली. बापाची बसायची तीच तऱ्हा, एक पाय दुमडून.

“डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडायचा अशी रीत आहे म्हणालात. बाबा त्या दिवशी बसले नाहीत. मी बसते. एच-सातवर हत्ती नेला असता तर पुढे काय झालं असतं, ते मला दाखवा.”

मी मोहरी मांडली. अडतिसावी खेळी. हत्ती कुठला, तो कुठे न्यायचा, ते तिला बोटानं दाखवलं. तिनं तो उचलून एच-सातवर ठेवला, माझं प्यादं बाजूला केलं. मी राजानं हत्ती खाल्ला. तिला वजीर दाखवला. शह. राजा मागे. पुन्हा शह. राजाला आता एकच घर होतं, तिथे तो गेला. तिचा वजीर त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. मात.”

वीस वर्षांनी मी तो डाव हरलो. राजा आडवा ठेवताना माझा डावा हात टेबलाच्या कडेला गेलाय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी मान वर केली. राही पटाकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.